पॅटनच्या वाळवंटात जुनी लष्करी फटफटी

पॅटन हे नाव आपल्याला ठाऊक असतं ते 1965 च्या युद्धामुळे. असल उत्तरच्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, फुटले, आणि त्यातले काही पुढे आपल्याकडे ठिकठिकाणच्या चौथऱ्यांवर जाऊन बसले. ज्या अमेरिकी सेनापतीचं नाव त्या रणगाड्यांना दिलं होतं, त्या जॉर्ज पॅटन यांनी 1942 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं वाळवंट विमानातून आणि जमिनीवरून हिंडून पाहिलं. उत्तर आफ्रिकेत जर्मनांशी लढायचं होतं आणि अमेरिकी सैन्याला वाळूची सवय नव्हती. सरावासाठी त्यांनी हीच जागा पक्की केली. आगगाडी जवळ होती, आणि कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा कालवा याच भागातून जात होता.

डेझर्ट ट्रेनिंग सेंटर असं त्या जागेचं नाव. पुढे ती ॲरिझोनापर्यंत पसरली आणि सुमारे 46,000 चौरस किलोमीटर झाली, म्हणजे विदर्भाच्या जवळजवळ निम्मी. 1944 च्या वसंतात ती बंद होईपर्यंत साधारण दहा लाख सैनिक तिथून गेले. पॅटन स्वतः जेमतेम चार महिने राहिले, पण तंबूंच्या रांगा, दगडांनी आखलेल्या वाटा आणि रणगाड्यांच्या पट्ट्यांचे ठसे आजही तिथे दिसतात.

यातली बरीच जमीन आज केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याकडे आहे. या खात्याला सगळे बीएलएम म्हणतात. तिथे ठरवून दिलेल्या कच्च्या वाटांवर नोंदणी असलेली मोटरसायकल नेता येते. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो किंवा फिनिक्सच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला जुन्या गाड्यांचा नाद असेल, किंवा कुणी मित्र आपली लष्करी फटफटी द्यायला तयार असेल, तर हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी जमण्यासारखी ही गोष्ट आहे. मात्र ही गाडी आजच्या गाडीसारखी चालत नाही. तिच्यावर बसल्यावर विचार करायला हात-पाय मोकळे राहत नाहीत, म्हणून जे ठरवायचं ते आधी ठरवून निघायचं. पुढचं सगळं त्याच बेतानं सांगतो.

आधी गाडी कोणती ते पाहू. अमेरिकी लष्कराची सर्वांत जास्त बनलेली मोटरसायकल म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची डब्ल्यूएलए. कॅनडासाठी बनवलेली तिची जुळी बहीण धरून युद्धकाळात सुमारे 90,000 गाड्या निघाल्या. 740 सीसीचं, दोन सिलिंडरचं, व्ही आकाराचं इंजिन. ताकद तेवीस अश्वशक्तीच्या आसपास, आणि वजन जवळजवळ 245 किलो. निरोप पोचवणं, ताफ्याला वाट दाखवणं, पुढे जाऊन टेहळणी करणं, ही तिची कामं.

वाळवंटासाठी लष्करानं आणखी दोन गाड्या मागवून पाहिल्या होत्या: हार्लेची एक्सए आणि इंडियन कंपनीची 841. दोन्हींत साखळीऐवजी शाफ्ट होता, कारण वाळू साखळीला खाते. प्रत्येकी हजारेक बनल्या, तोवर जीप आली आणि मोटरसायकलीचं बरंचसं काम तिनं उचललं. त्या दोन गाड्या आज इतक्या दुर्मीळ आहेत की कुणी देऊ केली तरी वाळूत नेऊ नये, असं माझं मत. डब्ल्यूएलएचे सुटे भाग अजून नवे बनतात. पडली, वाकली, तरी पुन्हा उभी राहते.

आता वाट. बीएलएमच्या नकाशावर खुल्या वाटा दाखवलेल्या असतात. जी वाट नकाशावर खुली नाही ती बंद समजायची, जमिनीवर चाकांचे ठसे कितीही ठळक दिसोत. 1994 च्या कायद्यानं या भागातले मोठे डोंगराळ पट्टे 'विल्डरनेस' म्हणून राखून ठेवले. तिथे कुठलंही इंजिन चालत नाही, सायकलसुद्धा नाही. तपकिरी पट्टीचे खुंट रोवलेले दिसले की मागे वळायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ब्रॅडशॉ ट्रेलचा एखादा तुकडा चांगला. 1862 मध्ये सोन्याच्या खाणींकडे जाण्यासाठी पडलेली ही घोडागाडीची वाट सॉल्टन सीच्या बाजूनं निघून कोलोरॅडो नदीकडे जाते. लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर. अधूनमधून तिच्यावरून यंत्र फिरवून ती सपाट करतात, तरी मध्येमध्ये कोरड्या ओढ्यांची खोल वाळू लागतेच. संपूर्ण वाट एका दमात करण्याचा हट्ट धरू नका. वीस-पंचवीस किलोमीटर आत जाऊन त्याच वाटेनं परत यावं. परतताना तीच वाळू ओळखीची झालेली असते.

या वाटेची एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायची. तिच्या दक्षिणेला चॉकलेट माउंटन्स हा नौदल आणि मरीन दलाचा बॉम्बफेकीचा पट्टा आहे, आणि तो अजून चालू आहे. त्या बाजूला पाट्या आहेत. फोटो काढायला म्हणूनही पाटीपलीकडे जायचं नाही.

नियमानं दोन गोष्टी लागतात. गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदलेली हवी, आणि सायलेन्सरमध्ये ठिणगीरोधक जाळी हवी. ही जाळी म्हणजे धुरातून उडणारे कोळशाचे जळते कण अडवणारी गाळणी. कोरड्या झुडपांना आग लागू नये म्हणून ती सक्तीची आहे. मूळ गाडीला ती नसते. अस्सलपणाचे भोक्ते इथे नाक मुरडतात. पण शेपटाला बसवलेली जाळी घरी आल्यावर पाच मिनिटांत काढता येते.

ऋतू नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि तेव्हा तिथे जाणं शहाणपणाचं नाही. पॅटन यांनी सैनिकांना कमी पाण्यात राहायची सवय लावली होती. आपल्याला तसलं काही सिद्ध करायचं नाही. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी, आणि त्याखेरीज गाडी बंद पडून रात्र काढावी लागली तर पुरेल एवढं वेगळं. मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, ते खिशात असावं, गाडीच्या पिशवीत नको. गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे पडलो तर यंत्र आपल्याजवळ राहायला हवं.

एकट्यानं जाऊ नका. दोन मोटरसायकली आणि मागून एक चारचाकी, ही जोडी उत्तम. चारचाकीत पाणी, पेट्रोल, दोर आणि गाडी चढवायची फळी. एखादी फटफटी दमली तर ती मानानं घरी येते.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी तपासायची. पहिली गोष्ट टाक्या. डब्ल्यूएलएवर शेजारीशेजारी दोन टाक्या दिसतात. डावी पेट्रोलची, उजवी इंजिन ऑइलची. दोन्हींची झाकणं वरच्या बाजूला, म्हणून घाईत उजवीकडे पेट्रोल ओतलं जाणं ही या गाडीची नेहमीची फसगत. गाडी चालूही होते, आणि मग थोड्याच वेळात आतली बेअरिंगं कोरडी पडतात. उजव्या झाकणाला रंगीत दोरा बांधून ठेवा, लष्करी थाट थोडा बिघडला तरी चालेल.

दुसरी गोष्ट तेल. या इंजिनात तेल तळाशी साठत नाही, पंपानं फिरून टाकीत परत येतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू इंजिनाच्या पोटात उतरतं, कारण त्याला अडवणारी छोटी झडप जुनी झालेली असते. मग मालक टाकीत डोकावतो, तेल कमी दिसतं, आणि तो वरून आणखी ओततो. चालू केल्यावर पोटातलं तेल पंप परत पाठवतो आणि टाकी उतू जाते. म्हणून उभ्या गाडीचं तेल मोजून वर ओतू नका. इंजिन दोन मिनिटं चालवा, परतीच्या नळीतून तेल येताना दिसतंय याची खात्री करा, आणि मग मोजा.

तिसरी गोष्ट हवेची गाळणी. डब्ल्यूएलएला डाव्या बाजूला तेलात बुडवलेली गाळणी असते. आत येणारी हवा तेलाला घासून जाते आणि धूळ तेलात बसते. वाळवंटासाठी ही रचना अजूनही उत्तम आहे. तेल काळं चिखलासारखं झालेलं असेल तर ओतून टाका, वाडगं पुसा, खुणेपर्यंत नवं तेल घाला. खुणेच्या वर भरलं तर इंजिन तेल ओढतं आणि धूर काढतं.

मग चाकं. बोटानं एकेक स्पोक वाजवून पाहा. बाकीच्यांसारखा न वाजता एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. टायरमध्ये ट्यूब असते. वाळूसाठी हवा थोडी कमी करतात, पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि सोबत ट्यूब ओढतो. हे ओळखायला सोपं आहे. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर यायला हवा. तो तिरका झालेला दिसला तर पुढच्या दहा-पंधरा किलोमीटरांत तो मुळाशी फाटणार. तिथेच थांबून हवा सोडायची, टायर मागे सरकवायचा आणि पुन्हा भरायची.

पेट्रोलबद्दल एक सांगायला हवं. कॅलिफोर्नियात पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि टाकीच्या आतलं जुनं अस्तर त्यानं सुटतं, आणि त्याचा गाळ कार्ब्युरेटरमध्ये जातो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला आणि मध्ये एक छोटी गाळणी टाका. आपल्याकडेही आता वीस टक्के इथेनॉल आलं आहे, तेव्हा जुन्या बुलेट-येझदीवाल्यांनाही हा उपाय लागू पडतो.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. ही वाळवंटात करायची नसते, घराजवळच्या मोकळ्या मैदानात करायची. डब्ल्यूएलए चालवायला पुन्हा शिकावं लागतं. बुलेटवर वाढलेल्या माणसाला तर जास्तच.

डावा पाय क्लचवर. क्लच म्हणजे इंजिन आणि चाक यांची जोड सोडवणारा भाग. तो इथे सी-सॉसारख्या झुलत्या पायट्यानं चालतो. टाच दाबली की जोड सुटते, चवडा दाबला की जोड बसते. पायटा जिथे ठेवाल तिथेच राहतो, म्हणजे टाच दाबून पाय जमिनीवर टेकवता येतो. गिअरचा दांडा डाव्या हाताशी, टाकीच्या बाजूला. तीनच गिअर. उजवा पाय मागच्या ब्रेकवर.

आणि डाव्या मुठीजवळ जी लिव्हर आहे ती क्लचची नाही, पुढच्या ब्रेकची आहे. इथेच आपली माणसं पडतात. गोंधळ झाला की वर्षानुवर्षांच्या सवयीनं डावा हात क्लच म्हणून ती लिव्हर दाबतो, वाळूत पुढचं चाक अडतं, हँडल वळतं, आणि अडीचशे किलो लोखंड आडवं होतं. मैदानात चालताना डाव्या हाताची बोटं लिव्हरवर न ठेवता मुठीभोवती गुंडाळून ठेवायची सवय लावा. ब्रेक हवा तेव्हा उजवा पाय. पुढचा ब्रेक मुळात दुबळाच आहे. चढावर उभी गाडी धरून ठेवायला त्याचा उपयोग.

उजवी मूठ वेग वाढवायची, पण तिला परत फिरवणारी स्प्रिंग नाही. सोडली तर आहे तिथेच राहते. लांबच्या पल्ल्यात हाताला आराम, पण पडताना मूठ उघडी राहिली तर गाडी आडवी पडूनही मागचं चाक फिरतच राहतं. म्हणून टाकीवरचा इग्निशनचा खटका न बघता हाताला सापडेपर्यंत सराव करा. डावी मूठही फिरते. ती ठिणगीची वेळ पुढे-मागे करते, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण कधी पेटवायचं ते ठरवते.

सुरू करण्याची एक ठरलेली रीत आहे. पेट्रोलचा नळ उघडा. खटका बंद ठेवून चोक पूर्ण लावा. चोक म्हणजे हवा कमी करून पेट्रोल जास्त पाठवणारी पट्टी, तिच्यासाठी डावीकडे कार्ब्युरेटरपाशी वाकावं लागतं. उजवी मूठ उघडा आणि दोन सावकाश किका मारा, म्हणजे पेट्रोल आत ओढलं जाईल. मग चोक निम्मा, उजवी मूठ जवळजवळ बंद, ठिणगी थोडी मागे, खटका चालू. किक उजव्या बाजूला असते. पायानं हळू दाबत जिथे जोर लागतो ती जागा शोधा, आणि तिथून शरीराचं वजन टाकून खाली न्या. ठिणगी फार पुढे राहिली तर किक उलटी येते आणि घोट्यावर बसते, म्हणून गुडघा ताठ ठेवू नका.

पेट्रोलचा वास येऊ लागला आणि इंजिन नुसतं खोकतंय, तर ते जास्त झालं आहे. खटका बंद, चोक पूर्ण उघडा, उजवी मूठ पूर्ण उघडी, चार-पाच किका. मग पुन्हा पहिल्यापासून. चिडून किकांचा सपाटा लावणारा माणूस वाळवंटात शिरण्याआधीच दमतो, आणि पुढची सगळी पडापड त्या दमण्यातून येते.

इंजिन धडधडू लागलं की ठिणगी पुढे आणा, चोक हळूहळू काढा, आणि पाच मिनिटं तसंच चालू ठेवा.

आता वाट सुरू. पहिले काही किलोमीटर साधारणपणे कडक खडीचे, आणि त्यावर आडव्या बारीक लाटा उठलेल्या. डब्ल्यूएलएला मागे शॉक ॲब्सॉर्बर नाहीत. मागचं चाक चौकटीला थेट जोडलेलं आहे. खोगिराच्या खांबात एक स्प्रिंग आहे आणि पुढच्या फोर्कला थोडीशी हालचाल, तेवढंच. आजच्या गाड्या अशा लाटांवरून वेगानं तरंगत जातात, तसं इथे करायचं नाही. दुसरा गिअर, पंचवीस-तीसचा वेग, पाय पायट्यांवर आणि बूड खोगिरापासून किंचित उचललेलं. लाटा वाटेच्या कडेला कमी असतात.

पुढच्या गाडीची धूळ बसेपर्यंत थांबायचं. वारा नसेल तर ती बराच वेळ हवेत लटकते, आणि त्या पडद्यात आपल्याला दगड दिसत नाही. कंटाळवाणं वाटतं खरं, पण दोन गाड्यांत मोठं अंतर ठेवण्याला पर्याय नाही.

मग येतो कोरडा ओढा. तिकडे त्याला वॉश म्हणतात. पावसाचं पाणी वर्षातून क्वचित वाहतं आणि जाताना मऊ वाळू टाकून जातं. डोंगरावर ढग दिसत असतील तर ओढ्यात थांबून जेवायला बसू नका. पाऊस लांबवर पडतो आणि लोंढा इथे येतो.

वाळूच्या अलीकडे थांबा. उतरा. चालत जाऊन पाहा ती किती लांब आहे, पलीकडे चढ आहे की वळण, मध्ये दगड कुठे. ही दोन मिनिटं सर्वांत कामाची. कारण वाळूत शिरल्यावर गिअर बदलता येत नाही. त्यासाठी डावा हात हँडलवरून काढावा लागतो, आणि डगमगतं पुढचं चाक एका हातानं सांभाळणं फारच थोड्यांना जमतं. म्हणून दुसरा गिअर अलीकडेच टाकायचा. पहिल्यात मागचं चाक खोदतं, तिसऱ्यात इंजिन दम तोडतं.

शिरताना वजन मागे, हात सैल, नजर पलीकडच्या काठावर. चाकापुढच्या वाळूकडे पाहू नका. पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकेल, त्याला भटकू द्या. हँडल घट्ट धरून ते सरळ ठेवायला गेलात की पडलात. उजवी मूठ एकसारखी थोडी उघडी. भीती वाटली की हात आपोआप मूठ बंद करतो, त्याबरोबर गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढचं चाक रुततं. वाळूतल्या बहुतेक पडण्यांचं कारण हेच. वेग फार नको, धावत्या माणसाइतका पुरतो, पण तो तुटता कामा नये.

रुतलीच तर मूठ पिळत बसू नका. मागचं चाक चौकट टेकेपर्यंत खाली जातं, आणि मग चौघे लागतात. इंजिन बंद करा, उतरा, गाडी एका कुशीवर आडवी करा, खड्ड्यात वाळू भरा, गाडी उभी करा. मग शेजारून चालत, पहिल्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत बाहेर काढा. आडवी करण्यापूर्वी पेट्रोलचा नळ बंद करायला विसरू नका.

चढाचं गणित वेगळं. चढाच्या मधोमध इंजिन बंद पडलं तर डावा पाय क्लचला हवा, उजवा ब्रेकला हवा, आणि जमिनीवर टेकवायला तिसरा पाय नाही. इथे तो जिथल्या तिथे राहणारा क्लच कामी येतो. टाच दाबून जोड सोडवा, लगेच डावा पाय जमिनीवर, उजवा पाय ब्रेकवरच. डाव्या हातानं पुढचा ब्रेक धरा. मग सावकाश, मान वळवून, गाडी मागे सरकवत आडवी घ्या. चढावरून पुन्हा निघण्याचा हट्ट नको, खाली जाऊन पुन्हा या. उतारावर दुसरा गिअर ठेवा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्या. क्लच सोडवून घरंगळत जायचं नाही.

दुपारकडे इंजिन तापतं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीला असतात. रचना साधी आणि टिकाऊ, पण उष्णता बाहेर टाकायला मंद. खोल वाळूत हळू चालताना, त्यात पाठीमागून वारा असला की, वारा इंजिनाला लागतच नाही. ताकद कमी वाटू लागली, आतून टकटक ऐकू आली, की सावलीत किंवा वाऱ्याकडे तोंड करून थांबा. कधी इंजिन चक्क बंद पडतं आणि टाकीत पेट्रोल असूनही चालू होत नाही. नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन ती अडकलेली असते. अशा वेळी लोक प्लग काढतात, कार्ब्युरेटर खोलतात, वाळूत जेट हरवतात. काही खोलू नका. नळीला ओलं फडकं गुंडाळा, पाणी प्या, वीस मिनिटं बसा.

थांबलात की चारचाकीखाली वाकून पाहायची सवय ठेवा. इथलं वाळवंटी कासव गाडीच्या सावलीत येऊन बसतं. 1990 पासून ते संरक्षित आहे. त्याला उचलायचं नाही. घाबरलं तर ते साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि इथे तेच त्याचं वर्षभराचं भांडवल असतं. ते आपणहून निघून जाईपर्यंत वाट पाहा.

वाटेच्या बाहेर न जाण्याचं कारण पायाखालीच दिसतं. काही ठिकाणी जमीन काळसर चकाकणाऱ्या लहान दगडांनी घट्ट मढलेली असते, जणू कुणी एकेक बसवला आहे. ही फरशी बनायला हजारो वर्षं लागतात. एक चाक तिच्यावरून गेलं की खालची फिकट माती उघडी पडते आणि तशीच राहते. पॅटनच्या रणगाड्यांचे ठसे त्यामुळेच टिकले. सगळेच ठसे त्यांचे नव्हेत, म्हणा. 1964 च्या मे महिन्यात लष्करानं 'डेझर्ट स्ट्राइक' नावाचा मोठा सराव याच भागात केला होता, काही ठसे त्याचे.

जुन्या तळांपैकी आयर्न माउंटन सर्वांत चांगला टिकला आहे. सैनिकांनी दगड रचून केलेल्या दोन वेदी, दगडांनी आखलेले रस्ते, आणि जमिनीवर उभारलेला या प्रदेशाचा मोठा उठावाचा नकाशा तिथे होता. तळाभोवती कुंपण आहे. गाडी बाहेर ठेवून चालत पाहावा. गंजलेले डबे, काडतुसांच्या टोप्या, बाटल्यांच्या काचा पडलेल्या दिसतील. यातलं काहीही उचलणं बेकायदेशीर आहे, आणि काडतुसाची टोपी खिशात घातली की ती नुसती जुनी भंगार टोपी होते.

धातूचं काही अर्धवट पुरलेलं, नळीसारखं किंवा पंख असलेलं दिसलं तर मात्र हात लावू नका, पायानं उलटवू नका. न फुटलेले गोळे अजून सापडतात. जिथून आलात त्याच पावलांवर मागे फिरा, जागेची खूण लक्षात ठेवा आणि 911 ला कळवा.

परतताना वेळ असेल तर आंतरराज्य महामार्ग दहावर किरियाको समिटला थांबा. पॅटन यांचं मुख्य ठाणं, कॅम्प यंग, याच भागात होतं. 1988 पासून तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. बाहेर रणगाडे उघड्यावर मांडले आहेत. नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

घरी आल्यावर गाडी लगेच धुवू नका. जोरदार पाण्यानं वाळू चाकांच्या बेअरिंगांत आणि फोर्कच्या सांध्यांत आत ढकलली जाते. आधी मऊ ब्रशनं कोरडी झाडा. साखळी काढून रॉकेलमध्ये बुडवून ठेवा. गाळणीचं वाडगं खोला, तळाशी बसलेला तपकिरी गाळ बोटानं चाचपून पाहा. एरवी तो सिलिंडरमध्ये गेला असता. इंजिन ऑइल गरम असतानाच काढा. स्पोक पुन्हा वाजवा, या वेळी दोन-तीन तरी सैल निघतीलच. पडताना वाकलेला पायटा गरम करून सरळ करा, थंड ठोकला तर तडकतो. शेवटी पेट्रोलचा नळ बंद करा, ठिणगीरोधक जाळीची काजळी झटका, आणि उजव्या झाकणाचा रंगीत दोरा झिजला असेल तर नवा बांधा.